वृद्धाश्रमातली खिरापत

माझ्या मुलीच्या शाळेत अभ्यास केलेला चालतो, पण तेवढ्यावर भागत नाही.

हे आम्हाला अकरावीच्या सुरुवातीलाच सांगितलं होतं म्हणे. पण त्या सभागृहात एसी छान होता, माझा नवरा मिलिंद शेजारी डुलक्या घेत होता आणि मी व्यासपीठावरच्या पडद्यांचं कापड सुलतान बाजारात मिळेल का याचा विचार करत होते. त्यामुळे ते ऐकू आलं नाही. ऑक्टोबरात शर्वरीच्या वर्गशिक्षिकेचा, स्वप्ना मॅडमचा, फोन आला तेव्हा कळलं. मुलांनी वर्गाबाहेर काहीतरी खेळायचं, काहीतरी स्वतः घडवायचं आणि कोणाच्या तरी उपयोगी पडायचं. हे झालं नाही तर मार्क कितीही पडोत, सर्टिफिकेट मिळणार नाही. आणि आमच्या शर्वरीने यातलं काहीही सुरू केलेलं नव्हतं.

"शनिवारी मी स्वतः येऊन बघते," मॅडम म्हणाल्या. "सुरुवात तरी दिसली पाहिजे. नाहीतर तिचं वर्ष अवघड आहे."

माझ्या पुण्याच्या माहेरी आजवर कोणाचं वर्ष फुकट गेलेलं नाही. (एका मामाचं गेलं होतं, पण तो त्या वर्षी आजारी होता असं आम्ही सगळे म्हणतो. आता मामालाही तसंच वाटतं.) मी फोन ठेवला आणि शर्वरीच्या खोलीत गेले. ती पलंगावर पालथी पडून मोबाईल बघत होती.

"आई, चिल. मी बोलून ठेवलंय," ती मान वर न करता म्हणाली. "मागच्या गल्लीतल्या वृद्धाश्रमात राव तातय्या आहेत ना, रेल्वेतून रिटायर झालेले? त्यांना कॅरमला पार्टनर नाहीये. मी दर शनिवारी जाणार आहे."

"आणि?"

"आणि काय? खेळणार."

"कॅरम? खुर्चीत बसून? याला खेळ म्हणतात? आणि घडवणार काय त्यात? पावडर?"

"आई, मी करते ना मॅनेज. प्लीज."

ज्या मुलीला स्वतःचा टॉवेल मॅनेज होत नाही, तिच्या हातात तिचं वर्ष सोपवून मी स्वस्थ झोपणार होते का? शक्यच नव्हतं. मी स्वयंपाकघरात गेले, चहा टाकला आणि चहा उकळेपर्यंत मला सुचलंसुद्धा. नवरात्र चालू होतं. भोंडला!

भोंडल्यात काय नाही? मधे पाटावर हत्तीचं चित्र, ते काढायचं म्हणजे घडवणं आलं. त्याच्याभोवती फेर धरून गाणी म्हणायची, म्हणजे खेळ आला, व्यायाम आला. शेवटी खिरापत वाटायची, म्हणजे म्हाताऱ्या माणसांच्या मुखात घास गेला, सेवा आली. एका संध्याकाळी सगळं वर्ष मोकळं. मला माझंच कौतुक वाटलं. मी ते मिलिंदलाही सांगितलं, कारण त्याला आपणहून वाटण्याची शक्यता कमी असते.

मिलिंदचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या हैदराबादचं. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी त्याचं मराठी माझ्या हाताला लागलेलं नाही. तो म्हणाला, "हौ, छान आहे. पण ते बुढे लोक भोंडला काइकू खेळतील?"

"खेळतील. त्यांना विरंगुळा नको?"

"त्यांना कॅरम पाहिजे म्हणाली ना ती."

"तू यात पडू नकोस," मी म्हटलं. तो लगेच बाहेर गेला. न पडण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही.

दुसऱ्या दिवशी मी स्वप्ना मॅडमना पत्ता कळवला आणि वृद्धाश्रमात जाऊन तिथल्या सिस्टरना भेटले. सगळा कारभार त्याच बघतात. त्यांना भोंडला समजावता समजावता माझा घसा बसला. शेवटी त्या म्हणाल्या, "अच्छा, बतुकम्मा." मी म्हटलं, बतुकम्मा नाही, तुमच्या त्या सणात फुलांभोवती फेर असतो, आमच्यात हत्तीभोवती. त्या घाबरल्या. खरा हत्ती नाही हे सांगण्यात आणखी थोडा वेळ गेला. मग निघता निघता मी उदारपणे म्हणाले, "आणि शनिवारी संध्याकाळचा टिफिन करू नका हं. खायचं सगळं आमच्याकडून."

हे वाक्य नीट लक्षात ठेवा. त्या शनिवारी मला ते फार आठवलं.

आता खिरापतीबद्दल थोडं सांगायला हवं. खिरापत म्हणजे नुसता प्रसाद नव्हे, ती झाकलेल्या डब्यात आणायची आणि बाकीच्यांनी ओळखायची. ओळखल्याशिवाय डबा उघडायचा नाही. आणि जिची खिरापत शेवटपर्यंत कोणालाच ओळखता येत नाही, तिची मान वर्षभर ताठ. माझ्या आईची खिरापत आमच्या आळीत कधीच ओळखली गेली नाही. त्या घराण्याची मी मुलगी. मी भोपळ्याचे घारगे केले. मऊ, खुसखुशीत, गूळ घातलेले. डबा हलवला तर आवाज येऊ नये म्हणून मधे कागदी रुमाल घातले. वास येऊ नये म्हणून डबा जुन्या पंचात गच्च बांधला. आणि घरात कोणाला म्हणून सांगितलं नाही. मिलिंदला तर मुळीच नाही, कारण त्याच्या पोटात एक तर गुपित राहत नाही किंवा घारगे राहत नाहीत.

हत्ती शर्वरीने काढला होता. पण त्याचे डोळे जरा उदास वाटत होते आणि शेपूट नको तिथून निघाली होती. म्हणून ती आंघोळीला गेली असताना मी तो पुसून नवा काढला. ती बाहेर आली, पाटाकडे बघत उभी राहिली. मला वाटलं, आवडला.

शनिवारी मी आणि शर्वरी पाट घेऊन पुढे गेलो. मी ठेवणीतली रेशमी साडी नेसले होते. (वर्ष शर्वरीचं होतं, साडी माझी होती.) डबा मिलिंदने स्कूटरवरून आणायचा होता. तिथे पोचल्यावर मी त्याला फोन केला.

"ओट्यावर पंचात बांधलेला डबा आहे, तो घेऊन ये. उघडू नकोस."

"त्यात काय आहे?"

"तुला काय करायचंय? विचारू नकोस. हलवू नकोस. आण फक्त."

"हौ," तो म्हणाला.

अंगणात खुर्च्या मांडून मंडळी बसली होती. राव तातय्या, म्हणजे राव आजोबा, मांडीवर कॅरमच्या सोंगट्यांचा डबा घेऊन आले होते. शर्वरीला बघून त्यांचा चेहरा खुलला आणि माझा पाट बघून पडला. त्यांच्या शेजारी रहिमा आपा बसल्या होत्या. उभा जन्म दहा-पंधरा माणसांचा स्वयंपाक करण्यात गेलेली बाई, आवाज असा की गल्लीच्या तोंडाशी ऐकू यावा. त्यांनी हत्तीकडे पाहिलं आणि विचारलं, "ये भैंस किसने निकाली?"

शर्वरी माझ्याकडे न बघता म्हणाली, "आईने."

मी फेर सुरू केला. आता फेर म्हणजे काय, ते सांगवत नाही. अर्ध्या लोकांचे गुडघे दुखत होते, त्यांनी खुर्चीतूनच टाळ्या वाजवल्या. ज्या उभ्या राहिल्या त्या तेलुगू आजींनी आधी फुलं मागितली. फुलं नाहीत म्हटल्यावर त्यांनी कुंडीतला झेंडू तोडून माझ्या हत्तीच्या डोक्यावर ठेवला आणि आपली बतुकम्माची गाणी सुरू केली. मी माझी चालू ठेवली. त्या डावीकडून जात होत्या, मी उजवीकडून. राव तातय्या वॉकर घेऊन मधे उभे होते आणि रेल्वेची सवय असल्यासारखे दोन्ही बाजूंना हात दाखवून वाहतूक सोडत होते. शर्वरी भिंतीला टेकून उभी होती. मी तिला खुणेने म्हटलं, ये की, तुझाच कार्यक्रम आहे. तिने खुणेनेच विचारलं, माझा?

एवढ्यात मिलिंद डबा घेऊन आला. डबा चांगलाच जड होता. मी मनात म्हटलं, घारगे बरेच झालेत.

"आता ही खिरापत," मी जाहीर केलं, "ओळखायची. ओळखलीत की लगेच खायला."

"पुलिहोरा," राव तातय्या म्हणाले. म्हणजे चिंचेचा भात.

"चूक."

"दद्दोजनम." दहीभात.

"चूक. तातय्या, विचार करा."

विचार करायची कोणाची तयारी नव्हती. सिस्टर माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "मॅडम, टिफिनची वेळ होऊन गेली. त्यांना खाल्ल्यावर गोळ्या घ्यायच्या असतात." मी म्हटलं, झालंच. आणि नेमक्या तेव्हा फाटकातून स्वप्ना मॅडम आत आल्या.

आता माघार कशी घेणार? शिस्त दिसायला नको? मी डबा उचलला आणि एकेकाच्या कानाशी नेऊन हलवू लागले. आमच्याकडे तशी पद्धत आहे. आवाजावरून अंदाज येतो. आतून धप्प, धप्प असा काहीतरी आवाज आला. घारग्यांचा असा आवाज का यावा, हे माझ्या मनात आलंच नाही. मी नवा हत्ती काढण्याच्या कामात इतकी हुशारी खर्च केली होती की शिल्लक नव्हती.

रहिमा आपांनी डबा नाकाशी ओढला. "इडली का आटा है," त्या म्हणाल्या.

"चूक," मी हसून म्हटलं. बिचाऱ्या, मला वाटलं.

"अगे मा, आटा है. बू आ री. अच्छा खट्टा हुआ है."

"नाही आपा. गोड आहे."

"मैं बोल री आटा है!"

"मी केलंय ना, मला माहीत आहे काय आहे ते," मी जरा कडकपणे म्हणाले. हे वाक्य मी स्वप्ना मॅडमना ऐकू जाईल अशा बेताने म्हटलं होतं.

"आई, उघड ना तो," शर्वरी पुढे आली. तिचा आवाज रडकुंडीला आला होता. "भूक लागलीय त्यांना. प्लीज."

"नियम आहे शर्वरी. ओळखल्याशिवाय नाही."

"त्यांनी सांगितलंय काय आहे ते!"

"चुकीचं सांगितलंय," मी म्हटलं, आणि सगळ्यांना शेवटची संधी म्हणून डबा डोक्याइतका उंच धरून जोरात हलवला.

"नक्को हिलाओ," रहिमा आपा ओरडल्या, "फूट जाता!"

आता मला मधेच थांबून एक गोष्ट सांगितली पाहिजे. माझी आई थंडीत इडलीचं पीठ आंबावं म्हणून भांडं पंचात गुंडाळून ठेवते. मीही ठेवते. हैदराबादेत ऑक्टोबरात पीठ उघड्यावर ठेवलं तरी दुपारपर्यंत झाकण ढकलायला लागतं, हे मिलिंद मला लग्न झाल्यापासून सांगतो आहे. पण आपली पद्धत ती आपली पद्धत. तर त्या दिवशी ओट्यावर पंचात बांधलेले डबे दोन होते. एकात घारगे. दुसऱ्यात रविवारच्या नाश्त्याचं पीठ, घट्ट झाकणाच्या डब्यात, गच्च बांधलेलं, आमच्या नल्लकुंटा भागातल्या सगळ्या खड्ड्यांतून स्कूटरवर आलेलं आणि मग माझ्या हातून प्रत्येक कानाशी घुसळलेलं.

पंचाची गाठ सुटली, झाकण उडालं आणि पीठ वर आलं. वर गेलेलं सगळं खाली माझ्यावर आलं. केसांवर, चष्म्यावर, रेशमी साडीवर. थोडं हत्तीवर पडलं, त्यामुळे तो निदान ऐरावत तरी झाला.

मग रहिमा आपा शेजारी वळून राव तातय्यांना म्हणाल्या, "बोली ना मैं."

मी चष्मा पुसला. समोर मिलिंद उभा होता. "दोन डबे होते तिथं," तो म्हणाला. "माणसं जास्त म्हणून मोठा आणला. तूच बोलली विचारू नक्को."

"घरी जा आणि दुसरा घेऊन ये," मी दात आवळून म्हटलं.

तो गेला. मला वाटलं, अजून वेळ गेलेली नाही, घारगे येतील आणि सगळं सावरेल. तेवढ्याच आशेवर मी पीठ गळत उभी होते. पाच-दहा मिनिटांत तो आला, मी पंचा सोडला, घारगे सगळ्यांना दिसतील असे पुढे केले आणि सिस्टरनी माझा हात धरला.

"गोड आहे?" त्यांनी विचारलं.

"गुळाचं आहे."

"मॅडम," त्या म्हणाल्या, "इथे जवळजवळ सगळ्यांना शुगर आहे."

मला त्या क्षणी खरंच रडू आलं. विनोद म्हणून सांगत नाही. भुकेली म्हातारी माणसं माझ्याकडे बघत होती, त्यांचा टिफिन मी बंद केला होता आणि माझ्या हातात एकही गोष्ट नव्हती जी त्यांना खाता येईल. आणि हे सगळं फाटकाजवळ उभी राहून ती बाई बघत होती, जिच्या हातात माझ्या मुलीचं वर्ष होतं. गेलं वर्ष, मी मनात म्हटलं. मामाच्या पंगतीला आता शर्वरी.

"आधा डब्बा बाकी है," रहिमा आपांचा आवाज आला. त्या डब्यात डोकावत होत्या. "ऐ लडकी, तवा चढा."

शर्वरी डबा घेऊन धावली. मीही मागोमाग निघाले, तशी ती दारातच वळली. "आई, तू नको येऊस," ती म्हणाली. रागाने नाही म्हणाली, आणि तेच जास्त लागलं. "मी कॅरमचं ठरवलं होतं. मी त्यांना सांगितलं होतं येते म्हणून. तू मला विचारलंसुद्धा नाहीस. हत्तीपण पुसलास."

मी अंगणातल्या नळावर केस धूत बसले. आतून आवाज येत होते. रहिमा आपा ओरडत होत्या, शर्वरी ओरडत होती, राव तातय्या कांदा चिरता चिरता नाक ओढत होते. पहिला उत्तप्पा जळल्याचा वास माझ्यापर्यंत आला. माझे पाय आपोआप उठले. स्वप्ना मॅडमनी शांतपणे माझ्यापुढे खुर्ची सरकवली. मी बसले. मग उत्तप्पे बाहेर येऊ लागले, काही गोल, काही कुठल्याच आकाराचे नाहीत, आणि मंडळींनी ते गरम गरम खाल्ले. सिस्टरनी गोळ्या दिल्या. कोणी तरी कॅरम बोर्ड आणला. माझे घारगे मिलिंद खात होता.

सगळं आवरल्यावर मॅडमनी शर्वरीला जवळ बोलावलं. "आज इथे जे झालं, त्यातलं तुझं काय?"

"खरं तर मॅडम, ही सगळी कल्पनाच तिची..." मी सुरू केलं.

"मी तिला विचारतेय," मॅडम म्हणाल्या.

शर्वरी म्हणाली, "हत्ती आईचा. गाणी आईची. भोंडला आईचा. उत्तप्पे माझे, पण तीन जळले."

इतकं खरं बोलायला ही कुठे शिकली? आमच्या घरात तर नाही. मी डोळे मिटून घेतले आणि वाट बघत राहिले.

"ठीक आहे," मॅडम म्हणाल्या. "दर शनिवारी ये. इथे यांच्याबरोबर काहीतरी रांध, यांच्याबरोबर खेळ. वर्ष संपेपर्यंत टिकलं, तर मी मानेन. फक्त एक सांग. तू इथे कोणाच्या उपयोगी पडणार? कोणाला तुझी गरज आहे, ते आधी बघायचं असतं."

शर्वरीने विचार केला. तिने रहिमा आपांकडे पाहिलं. त्या सिस्टरना तवा घासायची पद्धत शिकवत होत्या. राव तातय्यांकडे पाहिलं. ते एका फटक्यात दोन सोंगट्या भोकात घालून मिलिंदला चिडवत होते. मग तिने माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ.

"मॅडम, हे लोक तसे ठीक आहेत," ती म्हणाली. "माझ्या आईला घरी काही उद्योग नसतो, म्हणून ती असं करते. तिला आणलं तर चालेल?"

मॅडमनी माझ्या केसांतल्या पिठाकडे बघितलं आणि लगेच होकार दिला.

तेव्हापासून दर शनिवारी शर्वरी मला हाताला धरून तिकडे नेते. मी कांदा चिरते, विचारलं तरच बोलते आणि तव्याजवळ जात नाही. मॅडम मधूनमधून येऊन माझ्यात फरक पडतोय का ते बघून जातात. थोडा पडतोय म्हणतात. शर्वरीचं वर्ष वाचणार आहे, सर्टिफिकेटही मिळणार आहे, मी अगदी निश्चिंत आहे. फक्त कोणी कौतुकाने विचारलं, की एवढीशी मुलगी समाजसेवा करते म्हणजे नक्की काय करते, तर मी विषय बदलते. तो समाज म्हणजे मी.